साबणाच्या पाकिटाची मागची बाजू

ही साबणाची वडी. ओली करायची, हातात दोनदा फिरवायची, फेस आला की धुऊन टाकायची, संपलं. इतकी रोजची वस्तू आहे आणि तरी तिच्यात काय आहे हे आपण वाचत नाही, कारण पाकिटाच्या पुढे फुलं असतात, बदाम असतात, आणि मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात दहा-पंधरा नावं दाटीवाटीने छापलेली असतात. आज ती मागची बाजूच वाचू.

पहिल्या पाकिटावर लिहिलंय: सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट, अॅक्वा, ग्लिसरीन, परफ्यूम, सोडियम क्लोराइड, टेट्रासोडियम इडीटीए, सीआय ७७८९१. दुसरी वडी हाताने बनवलेली, तिच्यावर फक्त ऑलिव्ह तेल, खोबरेल तेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड. पहिली यादी वाचून भीती वाटते, दुसरी घरगुती वाटते. पण दोन्ही साबणच आहेत, आणि मुळात दोन्ही एकाच रिअॅक्शनने बनलेत. फरक इतकाच की पहिल्याने भांड्यातून काय निघालं ते लिहिलंय आणि दुसऱ्याने भांड्यात काय टाकलं ते लिहिलंय.

भांड्यात काय होतं ते जवळून बघा. कॉस्टिक सोडा म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात टाकला की पाणी आपोआप तापतं, वाफ निघते, हे काम चष्मा आणि हातमोजे घालूनच करायचं. ते पाणी तेलात ओतून ढवळत राहायचं. सुरुवातीला नुसतं तेलकट पाणी दिसतं, मग हळूहळू दाट होतं, आणि एका क्षणी चमच्यातून पडलेली धार पृष्ठभागावर रेघेसारखी उमटून राहते. साबण धरला! एक किलो खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, ऑलिव्हला १३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रत्येक तेलाचं माप वेगळं. माप बरोबर असेल आणि वडी नीट मुरू दिली तर शेवटी कॉस्टिक उरत नाही. बरेच लोक मुद्दाम थोडा कमीच टाकतात, म्हणजे जरासं तेल तसंच राहतं आणि वडी सौम्य होते.

म्हणून 'केमिकल फ्री साबण' असं लिहिलेलं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण कॉस्टिकशिवाय खरा साबण होतच नाही, आणि घेणाऱ्याला उगाच भीती विकली जाते.

मिशेल शेवरल नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८२३ सालापर्यंत हे नीट उलगडून दाखवलं होतं की चरबी म्हणजे फॅटी अॅसिड आणि ग्लिसरीनची जोडी. साबण होताना ती जोडी तुटते, फॅटी अॅसिड सोडियमला चिकटतं आणि ग्लिसरीन मोकळं होतं. एक किलो तेलामागे साधारण १०० ग्रॅम. हाताने बनवलेल्या वडीत ते तसंच राहतं, मोठ्या कारखान्यात मात्र मिठाच्या पाण्याने साबण वेगळा काढतात आणि ग्लिसरीन बाजूला करून औषधांसाठी, क्रीमसाठी विकतात, मग वाटलं तर थोडं परत साबणात घालतात. पहिल्या पाकिटावरचं सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं साधं मीठच, वडीला टणकपणाही देतं.

आता नावं फोडायची युक्ती. पुढचं सोडियम काढा, शेवटचं एट काढा, मधे तेल सापडतं. ऑलिव्हेट म्हणजे ऑलिव्ह, कोकोएट म्हणजे खोबरेल, पामेट म्हणजे पाम, पाम कर्नलेट म्हणजे पामच्या बियांचं तेल. टॅलोएट म्हणजे गुराढोरांची चरबी आणि लार्डेट म्हणजे डुकराची, त्यामुळे ज्यांना प्राण्यांची चरबी चालत नाही त्यांनी हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. सोडियम स्टिअरेट आलं तर मात्र पत्ता लागत नाही, ते फॅटी अॅसिडचं नाव आहे, ते पाममधूनही येतं आणि चरबीतूनही, तिथे कंपनीला विचारावं लागतं.

हे पहिले दोन-तीन शब्दच वडी कशी वागणार ते ठरवतात. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक अॅसिड असतं, त्याचा साबण पटकन विरघळतो, भरपूर मोठे बुडबुडे देतो, पण त्वचेवरचं तेलही तितक्याच जोरात ओढून नेतो. पाम आणि चरबी वडीला टणकपणा आणि दाट, टिकणारा फेस देतात. ऑलिव्हचा फेस कमी आणि जरा बुळबुळीत, हाताला मऊ. म्हणूनच बरेच साबण दोन तेलांचं मिश्रण असतात, एक वडीला उभं ठेवायला, एक फेसाला. आपल्याला वाटतं फेस जास्त म्हणजे साबण चांगला, मला पण कित्येक वर्षं असंच वाटायचं आणि हात धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी व्हायची ते मी थंडीच्या माथी मारायचो.

फेसच येत नसेल तर दोष पाण्याचाही असू शकतो. जड पाणी, शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, त्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं आणि बादलीच्या कडेला तो पांढरा चिकट थर जमतो. यादीतलं इडीटीए अशा धातूंना थोडंफार पकडून ठेवतं, आणि लोखंड-तांब्याच्या अंशाने साबण खवट होऊ नये म्हणूनही ते असतं. सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा रंग, बाकी काही नाही.

क्रम बघा आता. बहुतेक ठिकाणी यादी जास्तीकडून कमीकडे लिहावी लागते, एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही लिहिता येतात. साबणात वास साधारण एक-दीड टक्का असतो, त्यामुळे परफ्यूम या शब्दाच्या मागे जे जे आलंय ते बहुतेक चिमूटभर. पुढच्या बाजूला ठळक छापलेलं कोरफड, मध, बदाम मागे कुठे बसलंय ते शोधा, अनेकदा परफ्यूमच्याही नंतर, अगदी शेपटाला. आणि तेवढंही अंगावर किती वेळ राहणार, लगेच धुतलं जातं.

काही वड्यांवर साबण हा शब्दच नसतो. यादी सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा सोडियम लॉरॉइल आयसेथिओनेटने सुरू होते. ही सिंडेट वडी, म्हणजे साबणाऐवजी सिंथेटिक डिटर्जंटची वडी, अमेरिकेत १९५७ साली आलेला डव्ह हे तिचं गाजलेलं उदाहरण. फरक पीएचचा, म्हणजे वस्तू किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणाऱ्या आकड्याचा. साबणाचा पीएच ९ ते १०, तो कमी केला तर साबण साबण राहत नाही, आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. पीएचच्या एकेका पायरीला दहापट फरक पडतो, म्हणजे मधलं अंतर हजारो पट! निरोगी त्वचा काही वेळात सावरते, पण एक्झिमा म्हणजे इसब असेल, कातडी भेगाळत असेल तर तो फरक जाणवतो, तिथे सिंडेट जास्त सोसतं. जड पाण्यात त्याचा तो चिकट थरही होत नाही. अशा त्वचेला वासानेही त्रास होऊ शकतो, म्हणून लिनालूल, लिमोनीन अशी नावं दिसली तर ते वासाचेच भाग आहेत हे ओळखा, आणि 'अनसेंटेड' म्हणजे बिनवासाचा, एवढ्यावर थांबू नका, त्यात कधी कधी मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो.

जंतुनाशक साबणाचंही सांगतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन धरून १९ घटक हात-अंग धुण्याच्या अशा घरगुती साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त काम करतात आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांनी पटवून दिलं नव्हतं. साधा साबण तेल-मळ सैल करतो आणि त्यासोबत जंतू पाण्याबरोबर वाहून जातात, त्याला वीस सेकंद मात्र द्यायला हवेत.

आता पहिलं पाकीट परत हातात घ्या. पाम, पामच्या बिया, पाणी, ग्लिसरीन, वास, मीठ, धातू धरणारं इडीटीए आणि पांढरा रंग. आठ नावं.