एमएसमध्ये तोल जातो? आधी ओट्यावरची पकड बघा

नमस्कार. "एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, चालताना झोकांड्या जातात, कोणता व्यायाम करू?" या प्रश्नाने कमेंट भरल्यात, म्हणून आज तेवढंच.

आजार थोडक्यात, कारण तो तुम्हाला माझ्याइतकाच माहीत आहे. नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, तळव्यांकडून मेंदूला जाणारा निरोप उशिरा पोहोचतो, अर्धवट पोहोचतो. मग ते काम डोळे करतात. म्हणून बेसिनवर वाकून तोंड धुताना किंवा देवासमोर डोळे मिटले की माणूस हलतो.

आता मुख्य व्यायाम. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहा, भिंतीपासून वीतभर पुढे. समोर जड खुर्ची, तिची पाठ तुमच्याकडे. शेजारी घरातलं कुणीतरी. पाय जुळवून 30 सेकंद, तीन वेळा. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे. तेही जमलं की एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. त्यानंतर मान डावी-उजवी, मग डोळे मिटून, शेवटी घडी घातलेल्या जाड चादरीवर. एका वेळी एकच गोष्ट बदला. चादर आणि मिटलेले डोळे एकाच दिवशी आणलेत तर नेमकं काय जड गेलं ते कळणार नाही.

आणि हात! "मी ओटा धरून पाच मिनिटं उभा राहतो, फरक नाही." नाहीच पडणार. ओटा घट्ट धरला की शरीराचा भार हातातून खाली जातो, घोट्यांना काही कामच उरत नाही. तो खांद्याचा व्यायाम झाला.

हेच उलट बाजूने. दोन बोटं नुसती टेकवली तरी डोलणं कमी होतं, आणि तेही भार न देता, कारण शरीर किती हललं याची खबर बोटांच्या टोकांतून मेंदूला मिळते. म्हणून दोन्ही हात, एक हात, दोन बोटं, मग बोटं खुर्चीच्या वर अधांतरी, असा क्रम. अधांतरी म्हणजे लगेच पकडता येईल इतकी जवळ.

"मग आधार सोडायचा का?" असं आता कुणीतरी लिहिणारच. नाही! कोपरा, खुर्ची, माणूस, सगळं राहू द्या. फक्त पकड सोडा. थोडं डोलायला झालं पाहिजे. अजिबात डोललात नाही तर पायरी सोपी आहे, आणि 30 सेकंदांत दोन-तीनदा खुर्ची पकडावी लागली तर अवघड आहे, एक पायरी मागे या.

चालण्याचं बघू. पायाचा पुढचा भाग उचलला जात नसेल तर अंगठा फरशीला घासतो, आणि थकल्यावर जास्तच. तिथे ठेच लागून पडायला होतं. पोटरी ताणायची, 30 सेकंद धरून, झटके न देता. घोट्याच्या स्प्लिंटबद्दल, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणाऱ्या आधाराबद्दल, फिजिओथेरपिस्टला विचारा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, बहुतेक जण उलट धरतात. आणि सलग अर्धा तास चालण्याचा हट्ट सोडा. दोन मिनिटं चाला, दोन मिनिटं बसा, पुन्हा चाला. पाय घासायला लागण्याआधी बसायचं, लागल्यानंतर नव्हे.

"व्यायामाने आजार वाढला", ही कमेंट उन्हाळ्यात हमखास येते. अंग थोडं जरी तापलं तरी खराब झालेल्या नसांतून संदेश आणखी मंदावतो. नजर धूसर होते, पाय जड होतात. अंग गार झालं की ते ओसरतं, नसांचं नवं नुकसान झालेलं नसतं. विदर्भात मे महिन्यात दुपारी चार वाजता गच्चीवर चालणाऱ्यांना काय म्हणावं? सकाळी लवकर, पंख्याखाली, मानेवर ओला टॉवेल, मध्ये मध्ये गार पाण्याचे घोट. नवा त्रास 24 तासांहून जास्त टिकला तर न्यूरोलॉजिस्टला फोन करा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर तेही सांगा, कारण जंतुसंसर्गानेही जुनी लक्षणं उफाळतात.

चपलेचंही कालच कुणीतरी विचारलंय. सैल स्लीपर नको. ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात आणि पाऊल नीट टेकत नाही. मागे पट्टा असलेली, पातळ सपाट तळाची सँडल घ्या. जाड मऊ तळाचे महागडे बूट तोलाच्या व्यायामाला नकोत, त्यात जमीनच कळत नाही.