बसण्याआधीचे दहा सेकंद

श्रोतेहो, नमस्कार. शक्य असेल तर आत्ता, आहात तिथेच, अनवाणी उकिडवे बसा. टाचा जमिनीला टेकल्या का, एवढंच पाहा. शेतात, अंगणात खाली बसून काम करायची ज्यांची सवय टिकली आहे, त्यांच्या टाचा सहसा टेकतात. दिवस खुर्चीत काढणाऱ्यांच्या बहुधा उचलल्या जातात, नाहीतर माणूस मागे कलंडतो. पॉवरलिफ्टिंगमधल्या स्क्वॉटची, म्हणजे खांद्यावर वजनाचा लोखंडी बार घेऊन खाली बसून पुन्हा उठण्याची, सुरुवात या टाचेपासून होते.

मी तालमीतून या खेळात आलो. तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाच उचलते, भार चवड्यावर येतो, हात झुलतात आणि एकदा लय लागली की शंभर बैठका कधी झाल्या ते कळत नाही. स्वतःच्या अंगाच्या वजनावर ती बैठक उत्तमच. मी आजही मारतो. पण खांद्यावर १०० किलोचा बार असताना टाच उचलली, की सगळं वजन पुढे ढळतं आणि ते सावरायला कंबर एकटी पडते. पाऊल तीन जागी जमिनीला घट्ट हवं: अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेला. पळायचे मऊ तळाचे बूट या कामाचे नाहीत, भार आला की ते दबतात आणि पाय डगमगतो. सपाट, टणक तळाचा बूट घ्या. घोटा आखडलेला असेल, तर वेटलिफ्टिंगचा उंच टणक टाचेचा बूट मदत करतो.

आता मुख्य मुद्दा. मुलं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "सर, खाली गेल्यावर अडकतो." मी त्यांना खाली जाण्याआधीचे दहा सेकंद दाखवायला सांगतो. बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो. बार रॅकवर, म्हणजे तो टेकवायच्या उभ्या चौकटीवर, इतका उंच ठेवलेला असतो की काढायला चवड्यावर उभं राहावं लागतं. तो छातीच्या मध्यापासून खांद्याच्या थोडं खालपर्यंत असावा. बारखाली शिरताना दोन्ही पाय सारखे, पाठीचा वरचा भाग आवळलेला. बार मानेच्या हाडावर ठेवायचा नाही. मानेखालच्या मांसल भागावर, किंवा त्याहून थोडा खाली, खांद्याच्या मागच्या स्नायूंच्या खाचेत. खाली ठेवला तर धड जास्त वाकतं आणि खुब्याचं बळ जास्त लागतं, म्हणून जड वजनाचे अनेक खेळाडू तो मार्ग धरतात. मग उचला, दोन-तीन पावलं मागे या आणि स्थिर व्हा. सात-आठ पावलं चालत जाणारा खेळाडू पहिल्या रेपआधीच, म्हणजे एकदा खाली बसून उठण्याआधीच, दमतो.

आणि श्वास. छाती फुगवायची नाही. हवा पोटात, बरगड्यांच्या खाली, दोन्ही कुशींत भरा आणि कोणी पोटात बुक्की मारणार असल्यासारखं पोट आवळा. हा दम खाली जाताना आणि वर येताना धरून ठेवायचा, वर उभं राहिल्यावर सोडायचा, पुढच्या रेपला नवा भरायचा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे मी आग्रहाने सांगतो. कमरेला बांधायच्या पट्ट्याचं कामही इथेच कळतं. आंतरराष्ट्रीय नियमाने पट्टा जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड चालतो. पोटाने रेटायला त्याची भिंत मिळते. पोट सैल ठेवून नुसता पट्टा करकचून बांधला, तर तो काहीच करत नाही.

"गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नकोस," हे वाक्य जिममध्ये हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. लांब मांड्यांच्या माणसाने गुडघा जबरदस्तीने मागे अडवला, तर त्याला पुढे ओणवं व्हावं लागतं आणि भार कमरेवर जातो. गुडघा पुढे गेला तर जाऊ द्या, फक्त बोटांच्या दिशेने जाऊ द्या. आत झुकणारा गुडघा मात्र सोडायचा नाही.

खोलीचा नियम साधा आहे. खुब्याच्या सांध्याजवळचा मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. अमेरिकेच्या रे विल्यम्स यांनी २०१९ साली गुडघ्यांना फक्त स्लीव्ह, म्हणजे घट्ट बाह्यांसारखी आवरणं, घालून ४९० किलोचा स्क्वॉट केला, त्यांनाही हाच नियम लागू होता. माझ्या पहिल्या जिल्हा स्पर्धेत तिन्ही प्रयत्नांना लाल दिवे लागले, म्हणजे पंचांनी ते बाद ठरवले. मला वाटत होतं मी पुरेसा खाली गेलो होतो. मित्राने बाजूने काढलेला व्हिडिओ पाहिला तेव्हा चार बोटं कमी दिसली. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून सांगतो, फोन अगदी बाजूला, वाकल्यावर खुबा जिथे येतो त्या उंचीवर ठेवा. समोरून किंवा वरून काढलेल्या व्हिडिओत खोली कळत नाही.

माझ्याकडे सराव करणारी एक मुलगी ९० किलोला अडकायची. खालून निघताना तिची कंबर आधी वर यायची आणि छाती मागे राहायची. आम्ही वजन ६० वर आणलं. चार सेकंद मोजत खाली, तळाशी दोन सेकंद थांबायचं, दम न सोडता, मग छाती आणि खुबा एकत्र वर. तीन रेपचे पाच सेट, म्हणजे पाच फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली, ६० किलो तिला कमीपणाचं वाटत होतं. सहाव्या आठवड्यात तिने ९० उचललं आणि स्वतःच म्हणाली, "सर, आज मला तळाशी जमीन लागली."

उद्या सराव कराल तेव्हा रॅकच्या आडव्या सुरक्षा-दांड्या तुमच्या तळाच्या स्थितीपेक्षा दोन बोटं खाली लावून घ्या आणि सुरुवात २० किलोच्या रिकाम्या बारने करा. टाच, दम, मग बैठक. नमस्कार.