पेव फुटलं म्हणजे काय झालं?

(दृश्य : सांगलीचं मार्केट यार्ड, सौद्याची वेळ. हळदीचे ढीग, पोती, वजनकाटा.)

हळकुंड उचलायचं, दोन्ही हातांनी मोडायचं. टणक आवाज झाला की समजायचं, चांगलं वाळलंय. मग मोडलेल्या जागेचा रंग निरखायचा आणि पुढच्या ढिगाकडे जायचं.

या आवारात हळदीला सगळे 'माल' म्हणतात. मालाला दर असतो, ओल असते, वजनात तूट असते. आसपासच्या गावांची हळद इथं येतेच, कर्नाटक-तेलंगणातूनही येते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शब्दकोशात 'हळद' काढून बघा : एक कंद, पिवळ्या रंगाचा, मसाल्याला आणि औषधाला लागणारा. यार्डातल्या माणसाला हा अर्थ पुरतो. त्याचा व्यवहार त्यावर चोख होतो.

(दृश्य : लग्नघर. मांडव. आंब्याचा डहाळा आणि हळकुंड बांधलेली मुसळं.)

हा घाणा भरला जातोय. यार्डात मोडलं ते हळकुंडच इथं उखळात पडलंय, पण आता त्याला कुणी माल म्हणून तर बघावं!

या वाटीकडे बघा. ही उष्टी हळद. एरवी 'उष्टं' म्हणजे कुणाच्या तरी ताटात उरलेलं, दुसऱ्यानं हात लावू नये असं. उष्टं खायला लावणं हा अपमान. त्याच शब्दाची वाटी आज झाकून, जपून, वाजतगाजत नवरीच्या घरी पोचवली जाते, आणि ती आली नाही तर सगळं घर खोळंबून राहतं. आधी नवऱ्याला लागलेली, मग नवरीला. हा क्रम असाच का, असं आजच्या मुली विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं. पण त्या विचारणाऱ्या मुलींनाही या शब्दाची किळस वाटत नाही.

'अंगावरची हळद उतरली नव्हती' असं आपल्याकडे म्हणतात. सातारा-सांगलीत सैन्यात गेलेली माणसं घरोघरी आहेत, सुट्टी अर्धी टाकून नवरदेव पलटणीत परतलेला अनेकांनी पाहिलाय. खरा रंग चार दिवसांत जातो. हे वाक्य मात्र चाळीस वर्षांनीही बायका तशाच आवाजात बोलतात.

(दृश्य : पाल, कऱ्हाड तालुका. पौषातली यात्रा. तारळी नदीचं पात्र, उधळण.)

खंडोबा-म्हाळसेचं लग्न. हवेत आहे ती हळदीची पूड. इथं तिचं नाव भंडारा. कपाळाला लागला की आशीर्वाद, घरी पुडीत बांधून नेला की प्रसाद. बेलाच्या पानासोबत हातात घेतला की शपथ. 'बेलभंडार उचलला' म्हणजे आता माघार नाही. पिवळी पूड हातात घेतली, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ, पण तेवढ्यावर कुणाची जीभ बांधली जात नाही. ती बांधली जाते देवाच्या धाकानं आणि चार माणसांच्या साक्षीनं, आणि तो धाक, ती साक्ष त्या दोन शब्दांत जाऊन बसलीय.

मराठीच्या तासाला शब्दाच्या तीन शक्ती शिकवतात : अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधेनं सरळ अर्थ कळतो. सरळ अर्थ जुळेना तेव्हा लक्षणा शेजारचा अर्थ दाखवते. आणि न बोललेलं मनात उमटतं ते व्यंजनेमुळे. व्याख्या मुलांना पाठ होतात. या शक्तींचा मुक्काम कुठं आहे, ते बघायला आपण आता हरिपूरला आलोय.

(दृश्य : हरिपूर. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं मंदिर, मग मोकळी जमीन. जमिनीत एक गोल तोंड.)

सांगलीपासून अगदी जवळचं हे गाव. हे जे तोंड दिसतंय, ते पेव.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. पंधरा-वीस फूट खोल, काही त्याहूनही खोल. रांजणासारखं : तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं. हरिपूरची आणि सांगलवाडीची माती यासाठी नावाजलेली, कारण पावसाचं पाणी तिच्यातून आत झिरपत नाही. दोन नद्यांच्या संगमावर, जिथं ओलीला तोटा नाही, तिथं जमिनीखाली कोरडी जागा सापडावी! ही माती ज्यांनी ओळखली, त्यांची नावं कुठंच नाहीत.

खणून झालं की तळ आणि कडा सारवायच्या, वाळू द्यायच्या. मग पाला, पाचट, चटया असं अस्तर. हळद थेट मातीला टेकता कामा नये. वरून माल सोडायचा, खाली उतरलेल्या माणसानं तो पसरत, दाबत यायचं. भरत भरत तोंडापर्यंत आलं की वर पुन्हा पाचट, त्यावर फरशी, त्यावर माती. आता आत हवा जात नाही. आत उरलेला प्राणवायू संपतो, मग किडा जगत नाही. औषध नको, धुरी नको. हळद वर्षानुवर्षं तशीच राहते. दर पडलेला असेल तर व्यापारी थांबू शकतो.

पण जी हवा किड्याला मारते, ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड मोकळं ठेवून वाट बघायची, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरणार. हे काम हमालांचं. हे हमालमामा आता दाखवतायत तसंच : आधी तोंडाशी वाकून वास घ्यायचा, मग दोरी.

(दृश्य : वर्तमानपत्रांचे मथळे, शहरातल्या क्लासेसच्या पाट्या.)

'क्लासेसचं पेव फुटलं.' 'पतसंस्थांचं पेव फुटलं.' रोज वाचतो आपण. भरलेलं कोठार फुटावं आणि धान्य भसाभसा बाहेर यावं, तशी एखाद्या गोष्टीची एकाएकी रेलचेल. लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खड्डा नसतो, तरी अर्थ पोचतो. वर थोडी नापसंतीही पोचते, कारण चांगल्या गोष्टीचं पेव फुटलं, असं सहसा कुणी म्हणत नाही. ही नापसंती कोशातल्या 'पेव' या नोंदीत कुठंही सापडणार नाही.

हरिपुरात याच दोन शब्दांचा अर्थ उलटा झाला. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. जमीन खचली, आतली हळद कुजली. जे फुटलं त्यातून रेलचेल झाली नाही, वर्षांची साठवण गेली. बहुतेक पेवं त्यानंतर पुन्हा भरलीच नाहीत.

(दृश्य : सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी.)

२०१९ ला पाणी इथं ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. हळद आता गोदामांत आणि शीतगृहांत असते, हमालांची पुढची पिढी दुसऱ्या कामांना लागली.

(दृश्य : हरिपूर, ढासळलेलं पेव. काठावर दोन वयस्कर गावकरी.)

या दोघांना आम्ही विचारलं, 'पेव फुटलं' हे शब्द पेपरात वाचता तेव्हा काय वाटतं? एकानं नुसती मान हलवली. दुसरे बोलले ते आम्ही कापाकापी न करता ठेवलंय, ऐका.

(मुलाखत. निवेदन थांबतं.)

शब्दकोशात 'पेव'ला एक ओळ मिळते आणि ती बरोबर आहे. त्या ओळीत कंदील, पाचट आणि २००५ कुठून येणार? ते सांगू शकणारी माणसं आज हरिपुरात बोलतायत, तोवर त्यांचं बोलणं उतरवून घ्यायला हवं, कामाचे शब्द आणि ते बोलताना येणारा आवाज, दोन्ही. आणि इथलं एक तरी पेव डागडुजी करून, तोंडाला जाळी बसवून बघण्यासारखं ठेवावं. वाक्प्रचारांचा धडा आला की सांगलीच्या शाळांना मुलं इथं आणता येतील. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर आहे.