लोखंडाला जालन्याची वाट माहीत आहे

(दृश्य : परभणी जिल्ह्यातलं सेलू, आठवडी बाजाराच्या मागचा रस्ता. भंगाराच्या दुकानात शिरणारे हातगाडे.)

सकाळचे साडेआठ. कुणाच्या गाड्यावर वाकलेला फाळ, कुणाच्या गाड्यावर गळकी बादली, बोअरच्या मोटारीचा जळालेला स्टार्टर. आणि या एका गाड्यावर, सुतळीनं बांधून आणलेला जुना रंगीत टीव्ही. काट्यासमोर दुकानाचे मालक बसलेत. अख्खा बाजार त्यांना मामू म्हणतो. आपणही मामूच म्हणू.

मामूंच्या दुकानात ज्याचा त्याचा कोपरा ठरलेला आहे. इकडे लोखंड, तिकडे बीड म्हणजे ओतीव लोखंड, भिंतीकडेला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी. तांबं आतल्या खोलीत, कुलपात. लोखंडाचा ट्रक भरला की तो जालन्याला जातो. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याची सळई होते, आणि ती सळई मराठवाड्यातल्याच कुणाच्या तरी स्लॅबमध्ये परत येते. या वाटेवर प्रत्येक हाताला दोन पैसे सुटतात, म्हणून ती वाट कधी मोडली नाही. तिच्यासाठी कुणाला जनजागृती करावी लागली नाही.

(दृश्य : टीव्ही जमिनीवर. हातोडी.)

ई-कचऱ्याला, म्हणजे टाकून दिलेल्या विजेच्या उपकरणांना, अशी वाट नाही. आता हा टीव्ही बघा. मागचं झाकण चार स्क्रूंत निघतं. दुकानात काम करणारा मुलगा पिक्चर ट्यूबच्या मानेवर हातोडीचा एकच फटका मारतो. फस्स करून हवा आत शिरते. मानेवरची तांब्याची गुंडाळी त्याच्या हातात येते. सगळ्या टीव्हीत त्याला हवी होती ती एवढीच.

"मामू, ह्या काचेचं काय करता?"

"काच कोण घेतंय बाबा? तांबं आपलं, बाकीचं मातीचं."

ती काच साधी नाही. एका ट्यूबमध्ये किलो-दीड किलोपर्यंत शिसं असू शकतं. दुकानामागच्या उतारावर तुकड्यांचा ढीग पडलाय, उताराच्या तळाशी ओढा आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि त्याची सुरक्षित अशी कुठलीच पातळी विज्ञानाला सापडलेली नाही. हातोडी धरलेला हा मुलगा जेमतेम अठराचा असेल. हातात मोजे नाहीत.

(दृश्य : संध्याकाळ. वायरींचा गुंता, काळा धूर.)

दिवस मावळला की वायरी पेटवतात. वरचं प्लास्टिक जळून जातं, तांबं उरतं. त्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतं. उघड्यावर जळताना त्यातून डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि तांबं त्या क्रियेला हातभारच लावतं. खरं तर वायर सोलायचं हातानं फिरवायचं मशीन मिळतं. त्यानं तांबं चकचकीत निघतं; न जळालेल्या तांब्याला भावही चांगला येतो. तालुक्याच्या गावात असं एक मशीन आलं तरी हा धूर थांबेल. एवढी साधी गोष्ट होत नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि उपकरणांच्या आतले हे हिरवे सर्किट बोर्ड? ते पोत्यात भरून ठेवतात. महिन्या-दोन महिन्यांनी एक व्यापारी येऊन उचलतो. पुढं कुठं जातात, मामूंना ठाऊक नाही. देशात अशा मालाची नावाजलेली ठिकाणं म्हणजे दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद. तिथं हेच बोर्ड जाळून, ॲसिडात बुडवून धातू काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालत आलाय.

(दृश्य : बोर्डावरचे सोनेरी पट्टे, अगदी जवळून.)

हे पिवळे पट्टे सोन्याच्या मुलाम्याचे आहेत. टनभर खनिजातून काही ग्रॅम सोनं निघतं. टनभर जुन्या मोबाईलमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं.

देशात कायदा नाही असं मुळीच नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये आले आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. 106 प्रकारची उपकरणं त्यांत आहेत. जी कंपनी माल विकते, तिनं ठरलेल्या हिश्शाइतका कचरा पुनर्वापरात गेल्याचा हिशेब द्यायचा : पहिली दोन वर्षं 60 टक्के, पुढची दोन 70, त्यानंतर 80. नोंदणीकृत कारखान्याकडून कंपन्या प्रमाणपत्रं घेतात आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर भरतात. विचार चांगला आहे. ज्यानं विकून कमावलं, त्यानंच निस्तरायचं.

पण नोंदणी कुणाची? निर्माता (माल बनवणारा), उत्पादक (तो आपल्या नावानं विकणारा), दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि पुनर्वापर करणारा, अशा चौघांची. 2016 च्या नियमांत संकलन केंद्र होतं, उपकरणं सुटी करणाराही होता. आताच्या चौघांत तो नाही. म्हणजे मामू नाहीत. आणि प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या धातूंवर. शिशाच्या काचेला मामूंच्या काट्यावर भाव नाही, तसाच तो पोर्टलवरही नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांचंही असंच. वर्षभरात हजार उपकरणं वापरणारी संस्था 'मोठा ग्राहक' ठरते. तिनं कचरा नोंदणीकृत माणसालाच द्यायचा. एका शाळेत कॉम्प्युटर असतात आठ-दहा. ते निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून बाद केल्याच्या, कागदाची वाट बघत स्टोअररूममध्ये धूळ खातात. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे एका दिवशी, एका गाडीत गोळा केले, तर कारखान्याला इथवर येणं परवडेल.

(दृश्य : परभणी जिल्ह्यातलं शिवार. निळ्या पॅनलची रांग, एकाची काच तडकलेली.)

विहिरीवर सोलर पंप आले, रात्रीचं पाणी धरणं सुटलं. हे सुख फार मोठं आहे, विंचू-काट्याच्या भीतीनं बांधावर उभं राहिलेल्यालाच ते कळेल. पण मराठवाड्यात गारपीट होते. फुटलेलं पॅनल कुठं द्यायचं? नियम सांगतो, सोलर पॅनल बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी हा कचरा 2034-35 पर्यंत नीट साठवून ठेवावा. या शेतकऱ्याचं पॅनल मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं आहे.

(दृश्य : पुन्हा दुकान. जालन्याचा ट्रक भरतोय.)

मामूंना आम्ही विचारलं, अख्ख्या टीव्हीला, न फोडता, तांब्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर?

"मग फोडायची हौस कुणाला आहे? गाडी कुठं अन् कधी येणार, तेवढं सांगा."

गाडीचा पत्ता अजून नाही. तरी त्या दिवसापासून त्यांनी ट्यूब फोडायचं थांबवलंय. पत्र्याखाली बारा टीव्ही रांगेनं लावलेत. अजून पाच-सहा मावतील, एवढी जागा उरली आहे.