आयता रणगाडा की घरचा?

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीत भाच्याला घेऊन आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावर धूळ, पाळण्यांची करकर, भज्यांचा वास, सगळं नेहमीचंच. खेळण्यांच्या एका स्टॉलवर हिरव्या प्लॅस्टिकचा रणगाडा होता. भाच्याने तो उचलला, आडवा धरला, चाकं मोजली आणि स्टॉलवाल्याला म्हणाला, "काय ओ, टी-५५ ला एका बाजूला पाच चाकं असतात की. आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये जागा सोडलेली असते." स्टॉलवाल्याने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. दोष माझाच आहे. पोरगं आठवीत आहे आणि गेली दोन वर्षं दर रविवारी माझ्या मॉडेल जोडायच्या टेबलाशी बसतंय.

घरी येताना त्याने विचारलं, "मामा, वाढदिवसाला मला खरं मॉडेल पाहिजे. जोडायचं घेऊ की तयार?" तेव्हा मी उत्तर टाळलं. ते आज इथे देतो.

मॉडेल आणि खेळणं यांच्यात फरक पडतो तो मापाने. खऱ्या गाडीचं प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचं. १/७२, म्हणजे एकास बहात्तर या प्रमाणात सहा फुटी जवान बरोबर एक इंचाचा होतो, कारण सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. १/३५ मध्ये तोच जवान पाच सेंटिमीटरच्या थोडा वर जातो. आपल्या लष्करात 'अजेय' म्हणून असलेला टी-७२ घ्या. नळी सोडून त्याची लांबी सातेक मीटर. १/३५ मध्ये तो वीस सेंटिमीटरचा होतो, १/७२ मध्ये दहाचाही भरत नाही.

आता बहात्तरचा हिशोब फूट-इंचातून आला हे कळतं, पण पस्तीस कुठून आला? जपानमध्ये शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं किट, म्हणजे सुट्या भागांचं जोडायचं मॉडेल, काढलं. आत मोटर आणि सेल बसवायचे होते. ते मावतील एवढा रणगाडा केला, मग मोजलं, तर प्रमाण साधारण १/३५ निघालं. पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. म्हणजे जे माप आज आम्ही दाढी कुरवाळत सांगतो, ते मुळात सेलच्या जागेवरून ठरलेलं आहे.

तयार मॉडेल बहुतेक वेळा डायकास्ट असतं. जस्ताचा मिश्रधातू वितळवून दाबाने साच्यात भरतात, सुटे भाग बसवतात, रंग देतात, चिन्हं छापतात आणि खाली स्क्रू मारून डबीत घालतात. हातात घेतलं की वजन लागतं, आणि पहिल्यांदा थंड लागतं. सोलापुरात मे महिना सोडून. ते वजन हा त्याचा मोठा गुण. लहान मूल हाताळू शकतं, पुसता येतं, संध्याकाळी आणलं आणि रात्री कपाटात ठेवलं, काम संपलं. ज्यांची नजर कमी झाली आहे, बोटं थरथरतात, ज्यांना १९७१ च्या लढाईतल्या दोन्ही बाजूंच्या गाड्या एका फळीवर ओळीने बघायच्या आहेत, त्यांनी किटच्या नादी लागू नये. किट जोडणारी मंडळी आयत्या मॉडेलकडे नाक मुरडतात, ते मला पटत नाही. कडक भाकरी आपण पुडक्यातली आणतो, वर शेंगाचटणी आणि तेल घेऊन खातो, तेव्हा चूल कोणी पेटवली होती असं विचारतो का?

पण आयत्या मालाचं दुखणंही ऐका. रंगाचा थर जाड असतो, त्यात बारीक खिळे आणि कडा बुजतात. हाताने धरायच्या दांड्या खऱ्या मापात केल्या तर सुताएवढ्या व्हायला हव्यात, पण त्या काडेपेटीच्या काडीएवढ्या असतात, कारण मुलांच्या हातात मोडता कामा नयेत. आणि जुनं डायकास्ट विकत घेत असाल तर अंगावर भेगा आहेत का ते बघा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या जस्तात शिशासारखी भेसळ राहून गेली होती. असा धातू आतूनच फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. त्यावर इलाज नाही.

आता किट. खोकं उघडलं की आत गाडी नसते. चौकटी असतात, त्यांना आम्ही स्प्रू म्हणतो, आणि त्या चौकटींना चाकं, झाकणं, दिवे लटकलेले असतात. प्रत्येक भागाला नंबर. कटरने भाग सोडवायचा, पण अगदी अंगालगत कापायचं नाही. थोडा देठ ठेवायचा आणि मग तो ब्लेडने आणि पॉलिश पेपरने उतरवायचा. अंगालगत कापलं की प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि खड्डा राहतो. मॉडेलचा गोंद म्हणजे डिंक नव्हे. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि सुकल्यावर सांधा वेल्डिंगसारखा पक्का होतो. चुकून बोट लागलं तर तुमचा ठसा रणगाड्यावर कायमचा उमटतो. माझ्या पहिल्या टी-५५ च्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, बँकेत चालेल इतका स्पष्ट. धातूच्या पत्र्याला मात्र हा गोंद चिकटत नाही, तिथे सुपर ग्लू. आणि कुठलाही गोंद असो, खिडकी उघडी पाहिजे.

सुरुवातीला माझा एक दिवा हरवला. हेडलाइट, मोहरीपेक्षा थोडा मोठा. चिमट्यातून उडाला आणि मांडीवर अंथरलेल्या चादरीवर पडला. चादर अर्थात आपली सोलापुरी, लाल-काळी, मोरांची. तीन दिवस शोधलं. सोलापुरी चादरीच्या नक्षीत पडलेली बारीक वस्तू ही गेलेलीच समजा. तेव्हापासून मांडीवर जुनं पांढरं धोतर असतं आणि पंखा बंद असतो.

पंखा बंद म्हटल्यावर तुम्हाला पुढचं कळलंच असेल. आपल्या गावात एप्रिल-मेमध्ये दुपारी रंगाचा फवारा मारायला बसलात तर रंग गाडीवर पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर पिठासारखा बसतो. हात फिरवला तर खरखरीत. पहाटे सहाला उठून मारायचा, नाहीतर दिवाळीनंतर. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत लॅकरवर दुधाळ साय येते. आणि चिन्हांचे स्टिकर, ज्यांना डेकल म्हणतात, ते पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे असतात. मी बोअरच्या पाण्यात भिजवले. सुकल्यावर प्रत्येक चिन्हाभोवती पांढरी कड आली, बादलीच्या तळाला येते तशी. आता वाटीभर फिल्टरचं पाणी घेतो.

एवढा व्याप कशासाठी, असं आमच्या ताईने अनेकदा विचारलं आहे. माझं उत्तर एकच आहे: दुकानात जे तयार मिळतं ते बहुतेक जर्मन, अमेरिकन किंवा रशियन असतं. मला पूना हॉर्सचा सेंच्युरियन, हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा, पाहिजे होता. पूना हॉर्स ही आपल्या लष्कराची रणगाड्यांची पलटण. तिचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला सियालकोटच्या आघाडीवर पडले, आणि तिचेच सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत. दोघांना परमवीर चक्र, दोघेही सेंच्युरियनवर. खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते. त्यांच्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या बंदराचं. तो रणगाडा आज आपल्यापासून फार लांब नाही, टेंभुर्णी-करमाळ्यामार्गे गेलं की अहिल्यानगर, तुमच्या-माझ्या तोंडचं नगर, तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

तर हा फामागुस्ता मला आयता कुठून मिळणार? सेंच्युरियनची १/३५ ची किटं मिळतात, खोक्यावर ब्रिटिश झेंडा असतो. ब्रिटिश डेकल बाजूला ठेवायचे, जुने फोटो समोर घ्यायचे आणि नाव शून्य नंबरच्या ब्रशने आपल्या हाताने लिहायचं. हे फक्त किटमध्ये जमतं. तसंच १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईचं. तिथे आलेले पाकिस्तानी टी-५९ म्हणजे चीनने केलेली रशियन टी-५४ ची नक्कल, तेव्हा टी-५४ चं किट घेऊन तो उभा करता येतो.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालयही आहे, १९९४ पासून. किट घ्यायचं की तयार, हा वाद घरात चालू असेल तर आधी पोराला तिथे घेऊन जा. तिथे सेंच्युरियन आहे, पॅटन आहे, विजयंता आहे, जपानचा छोटासा हा-गोसुद्धा आहे. चाकाशेजारी उभं राहिलं की चाक कमरेपर्यंत येतं. फोटो मात्र आकाराचे काढा, रंगाचे नको. उघड्यावर उभ्या गाड्यांना वेळोवेळी नवा रंग बसलेला असतो. आणि मूळ रंग सापडला तरी तो मॉडेलवर जसाच्या तसा लावला तर गडद दिसतो. लहान वस्तूवर थोडा पांढरा मिसळून उजळ करावा लागतो.

माझा फामागुस्ता अजून पुरा नाही. अडलाय तो ट्रॅकवर, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यावर. किटमध्ये रबरासारखा एकसंध पट्टा येतो, पण मी हौसेने सुट्या कड्यांचा संच मागवला. जुन्या किटांत असा मऊ पट्टा कधीकधी प्लॅस्टिकच्या चाकांना खातो, चाक चिकट होऊन वितळल्यासारखं दिसतं, हे एक निमित्त मिळालं. दोन्ही बाजू मिळून दोनशेच्या वर कड्या. वीस-पंचवीस लावल्या आणि मान धरली.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. उमेद गिरणीत गेली, जॉबर होते, मागावर तुटलेला धागा चालत्या मागाशेजारी उभं राहून सांधायचा त्यांचा हात. एका संध्याकाळी सहज आले, माझी कसरत बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "सर, तुम्ही ओढताय. ओढायचं नाही, बसवायचं." चिमटा मागून घेतला आणि तासाभरात अठरा कड्या लावून दिल्या. चष्मा कपाळावर. मग विचारलं, "ह्या वरच्या कड्या बाजूच्या पत्र्याआड जातात. कोण बघणार?" खरंच आहे. सेंच्युरियनला बाजूने पत्रे असतात, वरचा निम्मा ट्रॅक झाकला जातो. मी म्हटलं, मग सोडून देऊ का? तर म्हणाले, "असं कसं? चादरीची मागची बाजू कोण बघतं?" आता ते दर गुरुवारी येतात. मला वाटतं रणगाड्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

तेव्हा मी लोकांना विचारतो ते एवढंच: तुम्हाला वस्तू पाहिजे की संध्याकाळी पाहिजेत? वस्तू पाहिजे असेल तर तयार घ्या, आणि ती उत्तम घ्या. संध्याकाळी पाहिजे असतील तर किट, पण पहिलं किट १/७२ चं, साधं, थोड्या भागांचं. पहिल्याच फटक्यात हजार भागांचं खोकं आणणारे लोक मला माहीत आहेत. ती खोकी माळ्यावर असतात. शिवाय किटची किंमत म्हणजे खर्चाची सुरुवात. कटर, ब्लेड, रंग, ब्रश, पॉलिश पेपर हे सगळं मागून येतं. पोराच्या हातात ब्लेड देणार असाल तर शेजारी बसायची तयारी ठेवा.

आता भाच्याचं काय झालं ते सांगतो. १९६५ मध्ये असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले, ही गोष्ट त्याला पाठ आहे. म्हणून मी त्याला तयार डायकास्ट जीप दिली, तळहातावर मावणारी. बॉनेटवर अमेरिकेचा पांढरा तारा होता. परीक्षा जवळ होती, त्यामुळे जोडणीचा उद्योग नको असा माझा हिशोब.

चौथ्या दिवशी ताईचा फोन. "अरे, माझी नेलपॉलिश काढायची बाटली रिकामी केलीये ह्याने." तारा पुसायला गेला होता. तारा गेला, बॉनेटचा हिरवा रंगही गेला, आणि पुढची काच प्लॅस्टिकची होती ती दह्यासारखी पांढरी झाली. खालचे स्क्रू काढून त्याने जीपचे चार तुकडे टेबलावर मांडून ठेवले होते. मागून त्याचा आवाज येत होता, "मामाला विचार, १०६ ची तोफ सुटी मिळते का."

मिळते. या रविवारी त्याला सांगणार आहे. नमस्कार.