बा देवा म्हाराजा! : तळकोकणातलं गाऱ्हाणं

(दृश्य : मालवणचा बंदर, नारळी पौर्णिमा)

किल्ले सिंधुदुर्गातला मानाचा नारळ दर्याला अर्पण झाला, की किनाऱ्यावरचे नारळ निघतात. नारळ पाण्यात सोडण्याआधी एक जाणता माणूस पुढे होतो, हात जोडतो आणि खड्या आवाजात सुरू करतो, "बा देवा म्हाराजा!" मागची माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

हे गाऱ्हाणं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. सिंधुदुर्गात मात्र गाऱ्हाणं 'घालतात', आणि ते देवाला घालतात.

सुरुवात स्तुतीनं होते. "बारा गावच्या, बारा वेशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!" मग सातेरी, रवळनाथ, वेतोबा ही गावदैवतं, जागेचा राखणदार जागेवाला, वाडवडील, ज्या गावात ज्यांचा मान, त्यांची नावं येतात. ऐकणाऱ्याला ही देवाची मनधरणी वाटेल. पण नीट ऐका. यातल्या प्रत्येक विशेषणाच्या पोटात एक काम आहे. देवाला वेशीचा राखणदार म्हटलं, की वेस राखणं त्याच्याकडे आलं. लेकरांचा मायबाप म्हटलं, की लेकरांचं पोट त्यानं बघायचं. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. थोरवी गायची आणि त्या थोरवीला साजेसं वागायला देवाला भाग पाडायचं, ही गाऱ्हाण्याची खरी ताकद. मला ती फार मोठी वाटते.

(दृश्य : देवळाचा सभामंडप)

स्तुतीनंतर माफी येते. "काय चूकभूल झाली आसात तर ती पोटात घाल." मग मागणं, आणि ते मागताना कुणी लाजत नाही. "एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर, म्हाराजा!" नोकरी, लग्न, मूल, आजारपण, होडीला मासळी, सगळं त्यात बसतं. देवळात ज्याचं मागणं असतं तो सहसा स्वतः बोलत नाही. गुरव किंवा गावचा मानकरी त्याच्या वतीनं बोलतो आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणत त्या मागण्याच्या पाठीशी उभा राहतो. लोणी लावायचं तर माणूस एकांत शोधतो, कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर हळूच चढवतो. गाऱ्हाणं चारचौघांत, मोठ्यानं आणि साक्षीनं होतं. तिथे खोटं गोड बोलून चालत नाही, कारण बोलणाऱ्याचं घरदार सगळ्यांना ठाऊक असतं.

देव उत्तरही देतो. देवाच्या पाषाणावर फुलांचे किंवा तांदळाचे कळे चिकटवतात आणि कौल, म्हणजे देवाचा होकार-नकार, मागतात. उजव्या बाजूचा कळा पडला तर होकार. डावा पडला, तर प्रश्न बदलून पुन्हा विनवणी. "गावची लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, तेंका रित्या हातान धाडू नको!" या बोलण्यात देवाबद्दल धाक आहे, पण त्याहून जास्त घरच्या वडीलधाऱ्याकडे धरावा तसा हट्ट आहे.

आता निवडणुकीच्या सभांतही गाऱ्हाणं ऐकू येतं. टाळ्या मिळतात. मला ते खटकतं. देवळातल्या गाऱ्हाण्यात बोलणारा गावाला बांधील असतो. सभेत शब्द तेच राहतात आणि बांधिलकी गळून जाते.

गाऱ्हाण्याची ठरलेली पोथी नाही. मुलं मागे उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत म्हणतच ते शिकतात. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या घरी हे शिकणं कधी तुटतं. मग कुणीतरी मोबाइलवर लिहून आणलेलं वाचतं. वाचावं, त्यात काहीच गैर नाही. फक्त त्यात आपल्या घराची नावं, आपल्या वाडीतला राखणदार आणि यंदाचं आपलं मागणं घालून घ्यावं. शेजारच्या गावचं गाऱ्हाणं आपल्या देवाला लागू पडत नाही.