हे कुणी ठरवलं?

[पडद्यावर: बंदर. क्रेनच्या तोंडी एक लाल कंटेनर, हळूहळू खाली येतोय.]

लहान मुलं सारखं 'का' विचारतात, अशी मोठ्यांची तक्रार असते. पण 'का' परवडला. घाम फुटतो तो दुसऱ्याच एका प्रश्नाने. हे कुणी ठरवलं?

या फिल्ममधली मुलगी नऊ वर्षांची आहे आणि हा प्रश्न ती कशालाही विचारते. सध्या तिची नजर या पोलादी पेटीवर आहे. जगातल्या कुठल्याही मोठ्या बंदरात जा, पेटी हीच. रुंदी ८ फूट, लांबी बहुधा २० नाहीतर ४० फूट. जहाजावर बसते, मालगाडीवर बसते, ट्रकवरही बसते. इतकं सगळं आपोआप जुळत नाही, असं तिचं म्हणणं. कुणीतरी ठरवलं असणार.

बरोबर आहे तिचं. आणि ते ठरवताना भांडणंही बरीच झाली.

[पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पाठीवर पोती घेतलेले गोदी कामगार.]

१९५० च्या दशकापर्यंत माल जहाजावर चढायचा तो सुटा. पोती, पिंपं, खोकी, गासड्या. गोदी कामगार एकेक नग उचलून जहाजाच्या पोटात रचून ठेवायचे आणि पलीकडच्या बंदरात दुसरे कामगार तो एकेक करून उतरवायचे. जहाज समुद्रापेक्षा धक्क्यालाच जास्त दिवस अडकून पडलंय, असंही व्हायचं.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ह्यूस्टनला निघालं. मुळात ते तेलवाहू जहाज, पण त्या दिवशी त्याच्या डेकवर ५८ पेट्या बांधलेल्या होत्या. कल्पना माल्कम मॅकलीन यांची. हा माणूस ट्रकच्या धंद्यातला, जहाजांमध्ये नवखा. त्यांचा हिशेब साधा होता. ट्रकमधून माल उतरवून जहाजात भरायचाच कशाला? ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च यायचा. 'आयडियल एक्स'वर तो १६ सेंटांच्याही खाली आला.

"मग त्या पोती उचलणाऱ्या माणसांचं काय झालं?"

हा प्रश्न धंद्याच्या इतिहासात बऱ्याचदा शेवटच्या पानावर येतो. तिने तो लगेच विचारला, म्हणून इथेच उत्तर देऊ. बहुतेकांचं काम गेलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कामगार संघटनेने १९६० मध्ये कंपन्यांशी करार केला. यंत्रं येऊ द्या, पण त्यातून जे वाचेल त्यातला वाटा कामगारांच्या निधीत घाला, असा. सगळ्याच बंदरांत इतकी शहाणी तडजोड झाली नाही. काही जुन्या गोद्या बंदच पडल्या, कारण त्यांच्या अरुंद धक्क्यांवर क्रेन आणि पेट्या मावेनात.

आता मापाची गोष्ट. मॅकलीन यांच्या पहिल्या पेट्या ३३ फुटी होत्या, पुढे ३५ फुटी झाल्या. पॅसिफिकमध्ये माल नेणाऱ्या मॅटसन कंपनीच्या पेट्या २४ फुटी. ज्याची त्याची क्रेन वेगळी, पेटीचे कोपरे पकडायची रीत वेगळी. ही पेटी सगळ्या जगाची व्हायची तर एक माप हवं होतं. म्हणून १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या समितीत वर्षानुवर्षं बैठका झाल्या. अखेर १०, २०, ३० आणि ४० फूट ही मापं ठरली. गंमत अशी की त्यात ३५ ही नव्हतं आणि २४ ही नव्हतं. ज्या दोन कंपन्यांकडे अनुभव होता, त्यांचीच मापं यादीबाहेर राहिली. तरीही मॅकलीन यांच्या कंपनीने पेटीच्या कोपऱ्यांच्या रचनेवरचं आपलं पेटंट सगळ्यांना फुकट वापरू दिलं. ही दानत होती की धंद्याचं गणित? मला विचाराल तर गणितच. ज्या पेटीला दुसऱ्या कुणाची क्रेन हात लावू शकत नाही, ती लांब जाणार कशी?

[पडद्यावर: कंटेनरची बाजू. चार अक्षरं, सात आकडे.]

मुलगी एव्हाना पेटीवरचा क्रमांक वहीत उतरवतेय. पहिली तीन अक्षरं मालकाची. चौथं अक्षर पेटीचा प्रकार सांगतं, साध्या कंटेनरला ते 'यू' असतं. मग सहा आकडे त्या पेटीचे आणि शेवटी चौकटीत एकटा बसवलेला सातवा आकडा. हा सातवा पहारेकरी आहे. प्रत्येक अक्षराला एक ठरलेली किंमत असते. पहिल्या जागेला १ ने गुणायचं, दुसऱ्या जागेला २ ने, मग ४, मग ८, असं दहाव्या जागेपर्यंत दुपटीने. सगळ्याची बेरीज करून ११ ने भागायचं. जी बाकी उरेल ती सातव्या आकड्याशी जुळली पाहिजे, आणि बाकी १० उरली तर शून्य धरायचं. क्रमांक लिहिताना कुणी एखादा आकडा चुकवला, तर हिशेब बिघडतो आणि चूक लगेच पकडली जाते. कागद-पेन्सिल पुरे. तिने दोन पेट्यांचं गणित करून पाहिलं. जुळलं. तिसऱ्या पेटीच्या वेळी ती म्हणाली, "आता तुम्ही करा."

[पडद्यावर: उपग्रहावरून दिसणारा सुएझ कालवा. आडवं अडकलेलं जहाज.]

२३ मार्च २०२१. 'एव्हर गिव्हन' नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात तिरकं होऊन दोन्ही काठांना अडकलं. जागतिक व्यापारातला साधारण १२ टक्के माल तेव्हा या कालव्यातून जायचा. तो रस्ता सहा दिवस बंद. मागे-पुढे साडेतीनशेहून अधिक जहाजं ताटकळली. २९ मार्चला पौर्णिमेच्या भरतीची साथ मिळाली आणि ते सुटलं.

मुलीचा प्रश्न इतकाच, की हे जहाज कोणाचं?

सांगतो. मालक जपानी. चालवणारी कंपनी तैवानची, तिचंच नाव जहाजाच्या अंगावर मोठ्या अक्षरांत. देखभाल आणि खलाशांची व्यवस्था बघणारी कंपनी जर्मन. झेंडा पनामाचा. खलाशी २५, सगळे भारतीय. जहाज मलेशियातून रॉटरडॅमला निघालेलं आणि अडकलं इजिप्तमध्ये. वरच्या सुमारे १८,००० पेट्यांचे मालक आणखी वेगळे. झेंडा पनामाचा का, हे तिला पटत नाही आणि मलाही फारसं नाही. जहाज ज्या देशात नोंदवलेलं, त्याचे नियम आणि त्याची फी लागू. म्हणून मालक देश निवडतो. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं ही या नोंदणीतली सगळ्यात मोठी नावं.

पण खरी मजा पुढे आहे. जहाज सुटलं तरी इजिप्तने भरपाईसाठी ते जुलैपर्यंत अडवून ठेवलं. मधल्या काळात मालकाने एक जुना हक्क बजावला. समुद्री कायद्यात त्याला सामाईक नुकसान म्हणतात. जहाज वाचवायला जो जादा खर्च झाला, त्यात पेट्यांच्या मालकांनीही आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटा उचलायचा. तोवर पेटी हातात मिळणार नाही. ज्याचा विमा होता त्याच्या वतीने विमा कंपनीने हमी दिली. ज्याचा नव्हता, त्याच्यावर स्वतः रक्कम भरायची वेळ.

"पण त्यांची काही चूकच नव्हती!"

नव्हतीच. हा नियम चुकीबद्दल नाही. कल्पना कर, वादळ आलंय. जहाज हलकं केलं नाही तर सगळेच बुडणार. कप्तान समोर जे हाताला लागेल ते समुद्रात फेकतो. फेकलेला माल एकाचा, वाचलेला बाकी सगळ्यांचा. मग तोटा त्या एकट्याने का सोसावा? भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. सहाव्या शतकातल्या रोमन कायद्याच्या संग्रहात तो आहे, आणि २०२१ मध्ये तो एका चारशे मीटरच्या जहाजाला लागू झाला. दरम्यान बोट कशाची बनते, कशावर चालते, हे सगळं बदललं.

मुलीने थोडा विचार केला आणि हा नियम तिला मान्य झाला. कुणी ठरवला, हे मात्र नावानिशी सांगता येत नाही. व्यापाऱ्यांनी वापरून वापरून तो पक्का केला. त्याची कलमं नीट लिहून काढायला एकोणिसावं शतक उजाडलं.

[पडद्यावर: तांब्याच्या तारांची भेंडोळी. मग लंडनच्या धातू बाजारातली लाल आसनांची गोल बैठक.]

आता एक अशी गोष्ट, जी कुणीच ठरवलेली नाही.

तांब्याचा भाव. लंडनचा धातू बाजार १८७७ मध्ये सुरू झाला. आजही तिथे काही सौदे गोल बैठकीत, समोरासमोर, ओरडून होतात. एकेका धातूला पाच-पाच मिनिटं. त्या गोलात बसलेल्यांपैकी कुणालाही विचारा, भाव तुम्ही ठरवता का? तो नाही म्हणेल, आणि ते खरं असेल. समजा चिलीत एखाद्या मोठ्या खाणीत संप झाला. जगात सगळ्यात जास्त तांबं तिथे निघतं. बातमी येताच भाव चढतो. हजारो मैलांवरचा तारा बनवणारा कारखानदार तांब्याऐवजी ॲल्युमिनियम चालेल का बघू लागतो. भंगारवाला जुन्या मोटारी उघडून आतली तार काढायला बसतो, कारण आता मेहनत परवडते. यातल्या एकालाही खाणीतल्या संपाबद्दल काही माहीत असायची गरज नाही. कुणी हुकूम सोडलेला नाही. तरी सगळे एकाच दिशेने हलले.

मुलीला हे झेपायला वेळ लागतो. मोठ्यांनाही लागतो. भाव वाढला की आपण आधी चोर शोधतो. कधीकधी तो असतोही.

"तेलाचं तर काही देश मिळून ठरवतात ना?"

हो. १९६० मध्ये बगदादला इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला या पाच देशांनी ओपेक स्थापन केली. पण तिथेही ते ठरवतात तेल किती काढायचं ते. १९७३-७४ मध्ये भाव चौपटीच्या आसपास गेले आणि जग हादरलं. लोक कमी तेल पिणाऱ्या गाड्या घेऊ लागले, दुसरीकडे नव्या विहिरी खणल्या गेल्या, आणि १९८६ मध्ये भाव कोसळला. भाव इतका पडावा, असं कुणाच्या बैठकीत ठरलं नव्हतं.

तांब्याच्या बाजारातली एक जुनी खूण सांगून पुढे जातो. तिथला मुख्य सौदा आजही तीन महिन्यांनंतरच्या तारखेचा असतो. का? एकोणिसाव्या शतकात चिलीचं तांबं आणि मलायाचं कथील बोटीने लंडनला पोचायला साधारण तेवढाच वेळ लागायचा. बोटी वेगवान झाल्या. तीन महिने तिथेच राहिले.

[पडद्यावर: एक घर. सकाळ. कुणी पाणी भरतंय, कुणी स्वयंपाक करतंय, कुणी आजारी माणसाजवळ बसलंय.]

शेवटचा प्रश्न तिने बातम्या ऐकता ऐकता विचारला. देशाचं उत्पन्न इतकं वाढलं म्हणे. त्यात घरातलं हे सगळं काम धरलंय का?

नाही.

पैसे देऊन कुणाला स्वयंपाकाला ठेवलं तर ते धरतात. तेच जेवण घरच्या माणसाने बनवलं तर नाही. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला सविस्तर हिशेब मांडला, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की या आकड्यावरून लोकांच्या बऱ्या-वाईट जगण्याचा अंदाज काढू नका. आकडा गाजला, सूचना मागे पडली.

आज देशोदेशींचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या एका नियमपुस्तकाप्रमाणे काढतात. त्यातली सीमारेषा मोठी मजेशीर आहे. घरासाठी पिकवलेलं धान्य उत्पादनात धरतात. दुरून भरून आणलेलं पाणीसुद्धा धरता येतं. तेच पाणी चुलीवर ठेवून त्यात तेच धान्य शिजवलं, की काम हिशेबाबाहेर. तांब्याच्या भावासारखं हे आपोआप झालेलं नाही. कंटेनरच्या मापासारखं, माणसांनी टेबलाभोवती बसून ठरवलेलं आहे. १९५३, १९६८, १९९३, २००८ अशा आवृत्त्या निघाल्या. २०२५ मध्ये नवी मंजूर झाली. मुख्य आकड्यात घरकाम अजूनही नाही, त्याचा हिशेब वेगळ्या जोडखात्यात मांडावा अशी सूचना आहे.

"वेगळ्या खात्यात का?"

हे ठरवणाऱ्या समितीचा तिने पत्ता मागितलाय. द्यायला हरकत नाही. समिती अस्तित्वात आहे, आणि तिच्या बैठकांचे अहवाल कुणालाही वाचता येतात.